शुक्रवार, १७ सप्टेंबर १९४८ : बीडची सरहद्द पुसली गेली तो दिवस

१७ सप्टेंबरला सकाळी मोबाइल उघडला की स्टेटसची गर्दी ठरलेली. कुणी पंतप्रधानांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतं, कुणाला प्रबोधनकार ठाकऱ्यांची जयंती आठवते, कुणाला पेरियारांची. बीड, गेवराई, परळी, अंबाजोगाईच्या पोरांच्या स्टेटसवर त्यात आणखी एक ओळ असते : मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या हार्दिक शुभेच्छा. मागे तिरंगा आणि पुढे भगव्या वस्त्रांतले स्वामी रामानंद तीर्थ.

पुण्यातला एखादा रूममेट विचारतो, "हे काय असतं रे?" आपण सांगतो, "भारत १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, आम्ही तेरा महिन्यांनी झालो."

उत्तर बरोबर आहे. शाळेच्या ध्वजवंदनापुरतं पुरेसंही आहे. पण त्या एका दिवसाकडे जरा थांबून बघितलं तर लक्षात येतं की तेव्हा बीड जिल्ह्यात जे सुरू झालं, त्यातलं काही विसरलं गेलंय, काही मुद्दाम झाकलं गेलंय आणि काही आजही तहसील कचेरीत रांगेत उभं आहे.

सरहद्द नेमकी कुठे होती?

आज आष्टीहून अहिल्यानगरला जाणं म्हणजे दवाखान्याला किंवा बाजाराला जाणं. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. वाटेत एक राज्य संपून दुसरं सुरू होतंय असं कुणाच्या मनातही येत नाही.

१९४८ मध्ये तसं नव्हतं. बीड हा हैदराबाद संस्थानच्या १६ जिल्ह्यांपैकी एक. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे त्यातले पाच मराठी जिल्हे. आष्टी-पाटोद्याच्या पश्चिमेला अहमदनगर जिल्हा लागायचा, तो मुंबई प्रांतात. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ नंतर ही नुसती जिल्ह्याची हद्द उरली नाही. तिच्या एका बाजूला स्वतंत्र भारत होता आणि दुसऱ्या बाजूला 'मी भारतात येणार नाही' म्हणणारा निजाम, मीर उस्मान अली खान.

ही सरहद्द रोजच्या जगण्यात जाणवायची. माल इकडून तिकडे न्यायचा तर करोडगिरी नाक्यावर जकात भरायची. पैसे वेगळे : इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार. सहा कलदार रुपयांना साधारण सात हाली मोजावे लागत. सरकारी साल फसली. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीचा कागद त्याला स्वतःला वाचता येत नसे. पश्चिम महाराष्ट्रात जुनी माणसं 'मामलेदार' म्हणत त्याला आपल्याकडे 'तहसीलदार' म्हणत, आणि आपल्याकडे मंडळ निरीक्षकाला 'गिरदावर' म्हणत. शब्दांवरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळे.

सभा घ्यायची तर 'गश्ती निशान ५३' या हुकमाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. खासगी शाळा उघडायलाही परवानगी. अशा राज्यात राजकारण शाळांच्या आडूनच सुरू होणार होतं, आणि बीड जिल्ह्यात ते तसंच झालं.

मोमिनाबादचा मास्तर

अंबाजोगाईचं निजामी नाव मोमिनाबाद. तिथे घोडदळाची छावणी होती. त्याच गावात योगेश्वरी शाळा होती. १९३५ मध्ये तिथे शिकवायला एक संन्यासी आला. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत काम केलेला आणि आता 'रामानंद तीर्थ' म्हणून ओळखला जाणारा.

आज अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला स्वामींचं नाव आहे, नांदेडच्या विद्यापीठाला आहे. त्यामुळे ते आपल्याला पुतळ्यासारखे वाटतात. पण मोमिनाबादेत ते शाळामास्तर होते. मुलांना शिकवणं, तालुक्यातल्या लोकांशी बोलणं, कार्यकर्ते घडवणं, हे काम त्यांनी तीन वर्षं केलं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली, तेव्हा स्वामी शाळा सोडून सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. ती बंदी १९४६ मध्ये उठली. पुढच्या दोन वर्षांत चळवळीचं नेतृत्व त्यांच्याकडेच राहिलं.

तेरा महिने

१५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत तिरंगा फडकला तेव्हा हैदराबादेत तो फडकवणं गुन्हा होता. स्वामींना त्याच दिवशी अटक झाली. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. कागदावर शांतता आली, गावात मात्र उलटं घडत गेलं.

लातूरला वकिली करणारा कासिम रझवी इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेचा अध्यक्ष झाला होता. तिच्या स्वयंसेवकांना रझाकार म्हणत. वर्षभरात या रझाकारांची दहशत गावोगाव पोचली. लूट, खंडणी, घरं जाळणं, खून. मराठवाड्यात आजही वयस्कर माणसं 'रजाकारीत' असं म्हणून त्या काळाची गोष्ट सुरू करतात. हजारो कुटुंबं गाडीबैल, भांडीकुंडी घेऊन सरहद्द ओलांडून मुंबई प्रांतात गेली. त्याच सरहद्दीच्या पलीकडे, नगर आणि सोलापूरच्या बाजूला, स्टेट काँग्रेसने कॅम्प उघडले होते. तिथून कार्यकर्ते रात्री आत येत आणि करोडगिरी नाके, पोलीस ठाणी यांवर हल्ले करून परत जात. सरहद्द कुणासाठी आसरा होती, कुणासाठी मोर्चा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. हे भांडण सरळ हिंदू विरुद्ध मुसलमान असं नव्हतं. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याचा खून झाला. दुसऱ्या बाजूला, निजामाच्या राज्यात जहागिरी आणि देशमुख्या भोगणाऱ्यांत हिंदूही होते. गावातला गरीब मुसलमान विणकर किंवा शेतमजूर रझाकार नव्हता आणि जहागीरदारही नव्हता. पण पुढच्या काही आठवड्यांत हा फरक बघायला कुणी थांबलं नाही.

पाच दिवस

सोमवार, १३ सप्टेंबर १९४८. पहाटे भारतीय फौजा चारी बाजूंनी हैदराबाद संस्थानात शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरकडून, मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं. लष्कराच्या योजनेत मोहिमेचं नाव 'पोलो' होतं. दिल्लीने मात्र तिला 'पोलीस कारवाई' म्हटलं, कारण युद्ध म्हटलं असतं तर समोरच्याला वेगळा देश मानल्यासारखं झालं असतं. गावाने तो शब्द उचलला आणि आपलासा केला. जन्मतारीख माहीत नसलेले आजोबा 'मी पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलो' असं सांगतात ते यामुळे.

१५ सप्टेंबरला फौज मोमिनाबादेत पोचली. तिथे गोवळकोंडा लान्सर्स ही निजामाची घोडदळाची तुकडी होती. तिने नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रं खाली ठेवली. बीड जिल्ह्याच्या वाट्याला आलेली ही लढाई. छोटी. इतिहासाच्या पुस्तकांत जेमतेम एक ओळ. पण ज्या गावात तेरा वर्षांपूर्वी एक संन्यासी मास्तर म्हणून आला होता, त्याच गावात निजामाचं घोडदळ शरण गेलं.

शुक्रवार, १७ सप्टेंबर. पहाटे फौज बीदरमध्ये शिरली. इकडे हिंगोली ताब्यात आलं. हैदराबादकडे निघालेल्या तुकड्या शहराच्या जवळ येत होत्या. पंतप्रधान मीर लायक अलींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. संध्याकाळी पाचच्या सुमारास निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि डेक्कन रेडिओवरून प्रजेला तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी निजामाचे सेनापती अल इद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे रीतसर शरणागती दिली. राजवट कोसळली आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून सुटले.

१७ तारखेला संध्याकाळी बीड जिल्ह्यातल्या खेड्यात रेडिओ कितीसे असणार? बातमी तोंडातोंडी गेली. कुठे त्या रात्री, कुठे चार दिवसांनी. म्हणजे ज्या दिवसाला आपण एक तारीख देतो तो दिवस गावागावात वेगवेगळ्या तारखेला उजाडला.

त्याच शुक्रवारी, दूर कुठेतरी

त्या आठवड्यात हैदराबादचा प्रश्न जगाच्या टेबलावरही होता. निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली होती आणि पॅरिसमध्ये भरलेल्या सुरक्षा परिषदेत १६ सप्टेंबरला ती चर्चेला आली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे आपल्या १७ तारखेला, जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोक बर्नाडोट यांची 'लेही' या ज्यू अतिरेकी गटाने गोळ्या घालून हत्या केली. पॅलेस्टाइनमध्ये तह घडवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. जगाचं लक्ष तिकडे गेलं. २२ सप्टेंबरला निजामाने तार करून आपली तक्रार मागे घेतली.

गंमत म्हणजे तक्रार मागे घेतली तरी 'हैदराबादचा प्रश्न' हा विषय सुरक्षा परिषदेच्या यादीत पुढची अनेक दशकं तसाच पडून राहिला. संस्थान गेलं, निजाम गेला, बीड महाराष्ट्रात आलं, तरी यादीत ओळ राहिली. कागद असेच असतात, माणसांपेक्षा चिवट. बीडच्या बाबतीत ते पुढे पुन्हा दिसणार होतं.

जे ध्वजवंदनात येत नाही

१७ सप्टेंबरच्या भाषणात गोष्ट इथे संपते : निजाम शरण आला, तिरंगा फडकला, मराठवाडा मुक्त झाला. खरी गोष्ट १८ तारखेपासून पुढे चालू राहिली.

रझाकार पळाले, लपले किंवा पकडले गेले. पण त्यांनी वर्षभर जे केलं त्याचा राग उरला होता. तो राग गावात मागे राहिलेल्या मुसलमानांवर निघाला. घरं लुटली गेली, माणसं मारली गेली, बायका पळवल्या गेल्या, जमिनी बळकावल्या गेल्या. बातम्या दिल्लीपर्यंत गेल्या तेव्हा पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचं एक शिष्टमंडळ हैदराबादेत आलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले.

त्यांनी लिहिलं की पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, आणि हा आकडा सावधपणे धरलेला आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. त्यानंतर औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक. या दुसऱ्या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार.

त्या यादीत बीडचं नाव आहे.

अहवालात रझाकारांचे अत्याचारही नोंदवलेले आहेत. काही ठिकाणी सैन्य आणि पोलिसांतले लोक लुटीत सामील झाल्याच्या तक्रारी आहेत, आणि शिस्तीने वागलेल्या अधिकाऱ्यांची दखलही आहे. आणखी एक गोष्ट त्यात आहे, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची उदाहरणं. एकाच पेशातली माणसं, विशेषतः विणकर, एकमेकांच्या आड उभी राहिल्याचं त्यांनी लिहून ठेवलंय.

सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. तो वाचायला मिळू लागला २०१३ च्या सुमारास, दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात. म्हणजे जवळपास ६५ वर्षं बीडच्या शाळांमधून मुक्तिदिन साजरा होत राहिला आणि त्याच दिवसाच्या दुसऱ्या पानाची कुणाला कल्पना नव्हती. कल्पना नव्हती हेही पूर्ण खरं नाही. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं त्यांना होती. ते बोलत नव्हते, इतकंच.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : हे काढून मुक्तिसंग्रामाचा अपमान करायचा का? मला तसं वाटत नाही. निजामाची राजवट जुलमी होती आणि ती जायलाच हवी होती. तिच्याविरुद्ध लढलेल्या माणसांचं मोल कमी होत नाही. उलट स्वामी रामानंद तीर्थांची लढाई राजवटीशी होती, धर्माशी नव्हती. हे खरं मानायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर १९४८ मध्ये जे घडलं ते त्यांच्या लढ्याचं यश नव्हे, त्याचा विसर होता, हेही म्हणता आलं पाहिजे. रझाकाराने मारलेल्या माणसाची आठवण ठेवायची आणि नंतर मारलेल्याची नाही, असं केलं तर तारीख अर्धीच लक्षात राहते. आणि अर्धी लक्षात राहिलेली तारीख पुढे कुणीही, कशासाठीही वापरू शकतं.

ती वापरली जातेच. तेलंगणात १७ सप्टेंबरला काय म्हणायचं, मुक्तिदिन की एकात्मता दिन, यावर दरवर्षी पक्षांचं भांडण होतं. कर्नाटकात हाच दिवस 'कल्याण कर्नाटक उत्सव' म्हणून होतो. एक तारीख, तीन राज्यं, तीन नावं. नाव निवडणारा आपल्याला हवा तो अर्धा भाग निवडतो.

निजाम गेला, कागद राहिले

राज्य एका संध्याकाळी संपलं. त्याची व्यवस्था उतरायला वर्षं लागली. आधी जनरल चौधरी लष्करी प्रशासक झाले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. २६ जानेवारी १९५० ला तोच निजाम राजप्रमुख म्हणून पुन्हा वर बसला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

तरीही संपलं नाही. तुमच्या घरी जमिनीचा वाद असेल तर वडिलांना विचारून बघा. मराठवाड्यात कुळांचा प्रश्न आला की १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा निघतो. फेरफाराचा माग काढायचा तर १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत जावं लागतं. 'मदतमाश' इनामांची भांडणं अजून चालूच आहेत. नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या शेतकऱ्याला हे शब्द माहीतही नसतात.

आणि मग २०२३ आलं. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचं उपोषण सुरू होतं. ते मूळचे बीड जिल्ह्यातल्या मातोरीचे. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि आठवड्याच्या आत सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम काय? मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी निजामकालीन कागदांत शोधायच्या. अचानक जिल्ह्याजिल्ह्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांना मागणी आली. ज्या भाषेतला कागद आजोबांना वाचता येत नव्हता म्हणून ते चिडायचे, त्याच भाषेतला कागद नातवाला हवा झाला. पुढे २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने 'हैदराबाद गॅझेट' लागू करण्याचा निर्णय काढला. ओबीसी संघटनांनी त्याला विरोध केला. तो वाद तुम्ही रील्सवर बघितलाच असेल, त्यात इथे शिरायला नको.

पण एवढं बघा : ज्या राज्यातून सुटका झाली म्हणून आपण झेंडा लावतो, त्याच राज्याच्या दप्तरात आपण आपली ओळख शोधतो. यात लाजण्यासारखं काही नाही. राज्य वाईट असलं तरी त्याच्या वह्यांत आपली माणसं असतात. मारलेल्यांची नोंद ठेवणारा अहवाल आणि जगणाऱ्यांची नोंद ठेवणारं गॅझेट हे दोन्ही त्याच काळाचे कागद. एक आपण उघडायला तयार आहोत, दुसरा नाही, एवढाच फरक.

सत्त्याहत्तर वर्षांनी, त्याच तारखेला

निजामाची स्वतःची रेल्वे होती. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीकडे ती जायची. बीड शहरापर्यंत ती कधी आली नाही. स्वातंत्र्यानंतरही आली नाही. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला, रखडला, आणि निवडणुकांच्या भाषणांत त्याचा उल्लेख येत राहिला. बीडची पोरं ट्रॅव्हल्सने पुण्याला शिकायला गेली, ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमधून सरहद्द ओलांडून पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जात राहिल्या.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनीच, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. स्टेशनवर तुडुंब गर्दी होती. ही गाडी आष्टीवरून पुढे जाते, म्हणजे बरोबर तीच जुनी हद्द ओलांडते जिच्यावर कधी करोडगिरी नाके होते, जी ओलांडून रझाकारीत कुटुंबं पळाली, आणि जी ओलांडून रात्रीच्या अंधारात कॅम्पातली पोरं आत येत. आता तिथे गाडी थांबवून कुणी हाली-कलदार विचारत नाही.

सरहद्द मिटायला एक शुक्रवार पुरला असं पाठ्यपुस्तक सांगतं. जमिनीवर रूळ पडायला सत्त्याहत्तर वर्षं लागली. गावाच्या आत, दोन वस्त्यांच्या मधे त्या महिन्यांत जी सरहद्द आखली गेली, ती कुठल्या कचेरीच्या नकाशात नाही, त्यामुळे ती पुसायचा सरकारी निर्णयही निघणार नाही. ते काम गावातल्या माणसांनाच करावं लागेल, आणि त्याची सुरुवात एकमेकांच्या घरातली १९४८ ची गोष्ट पूर्ण ऐकण्यापासून होते. त्या सालातलं कळतं वय असलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. ती दोन्ही वस्त्यांत आहेत, आणि ती फार काळ राहणार नाहीत.